निळी पडलेली धार

मी जपानातल्या सेकी गावात चाकूंना मुठी बसवतो, आणि समोरच्या गाळ्यात हातानो किनुए पात्यांना धार लावते. चाळीस वर्षं आमचं रोज एकदा तरी वाजतं. माझं तोंड कडू, असं ती म्हणते. तिचा चहा पाणचट, असं मी म्हणतो. पण धार लावावी तर तिनंच. उगाच कुणाचं कौतुक करायची मला सवय नाही.

गेल्या सोमवारी घाऊक व्यापारी मोरिशिमा तिच्याकडे नमुन्याचं एक पातं टाकून गेला. कोबाल्ट आणि क्रोमचा मिश्रधातू, लोखंड नावालाही नाही. खाऱ्या पाण्यातही गंजत नाही, म्हणून मासेमारीच्या बोटींवर त्याला भलती मागणी.

"शुक्रवारपर्यंत याला धार चढली तर पुढचं सगळं काम तुमचं, किनुएसान," तो म्हणाला. "नाहीतर सगळी पाती कारखान्यातल्या यंत्रावर जातील. माझा नाइलाज आहे."

म्हणजे तिचं चाक कायमचं बंद. तिनं सवयीनं पातं भिंतीवरच्या लोहचुंबकाच्या पट्टीला लावलं. ते सरळ खाली, तिच्या चपलेवर.

"तुझ्यावर रुसलंय," मी म्हणालो.

"तुमच्यासारखंच आहे. कशाला म्हणून चिकटत नाही."

तीन दिवस चाक फिरत होतं. ना ठिणग्या, ना धार. तिचा हात हलका. पातं चाकाला जरा टेकवायचं की लगेच पाण्यात. पोलाद तापून निळं पडलं की मऊ होतं, वाया जातं. सासऱ्यानं बोटांवर पट्ट्या मारून तिला हे शिकवलेलं. गुरुवारी दुपारी मात्र तिचं डोकं फिरलं. "घे मेल्या," म्हणत तिनं सगळं अंग पात्यावर टाकलं. मी रस्ता ओलांडून धावलो.

"अगं, जाळशील ते."

जाळलंच. कड निळीशार झाली. किनुए मटकन खाली बसली आणि रडायला लागली. नवरा गेला तेव्हाही मी तिला अशी रडताना पाहिली नव्हती. हाताला चाळा म्हणून ते पातं मी ओल्या दगडावर चारदा फिरवलं आणि वर्तमानपत्रावर ओढलं. कागद दुभंगला. आवाजसुद्धा नाही.

"किनुए, हे मऊ पडलेलं नाही."

तिनं ते हिसकावून घेतलं. जाड दोर कापला, पुन्हा कापला, साठदा कापला. धार तशीच. आम्हा दोघा म्हाताऱ्यांचं फक्त नाचायचंच बाकी होतं.

शुक्रवारी मोरिशिमानं निळी कड पाहिली आणि पातं फडक्यात गुंडाळायला घेतलं. "जळालंय हे. वाईट वाटतं, पण..."

व्यापाऱ्यापुढे कधी मान वर न करणाऱ्या किनुएनं फडकं ओढून घेतलं. "आधी कापा, मग बोला."

त्यानं दोर कापला. कोट काढून ठेवला आणि शंभरदा कापला. मग कागद. तोही सरळ दोन तुकडे.

"पण निळं पडूनही?"

"लोखंडच नाही त्यात," किनुए म्हणाली. "मग लोखंडाचं पथ्य कशाला?"

यंत्रावर न्यायची दोनशे पात्यांची पेटी त्याच्या गाडीतच होती. ती त्यानं स्वतः उचलून तिच्या गाळ्यात आणून ठेवली.

"चाळीस वर्षं भीत भीत धार लावली हो मी," किनुए मला म्हणाली, आणि पहिलं पातं घेऊन चाकावर सगळ्या वजनानिशी रेलली.