अपात्रातला अ

धुळ्यातल्या एका सरकारी कार्यालयात लताबाई चौधरी चौकशीच्या टेबलावर बसतात. वय त्रेपन्न. चार वर्षांच्या असताना गोवर आला आणि दृष्टी गेली. बोदवडजवळच्या खेड्यातून वडिलांनी त्यांना अंधांच्या शाळेत घातलं, पुढे टेलिफोन ऑपरेटरचं प्रशिक्षण झालं आणि नोकरी लागली. वीस वर्षं कार्यालयाचा स्विचबोर्ड त्यांच्या हाताखाली होता. समोरचा नुसता खाकरला तरी कोण आहे ते त्यांना कळायचं.

मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि बोर्ड निघाला. दोन वर्षं बाईंना कामच नव्हतं. हजेरी लावायची, डबा खायचा, घरी जायचं. "ताई, मजा आहे तुमची," असं कुणी म्हणालं की त्यांना तो डबा जात नसे. शेवटी पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या शिकल्या आणि चौकशीचं टेबल स्वतः मागून घेतलं. कोणाच्या अर्जाचं काय झालं ते संगणकावर बघायचं आणि सांगायचं, हे काम.

जूनमध्ये नवा संगणक आला. त्याचा आवाज कधीकधी पहिलं अक्षर खायचा. 'उपस्थित'चं 'पस्थित' व्हायचं. बाई ते समजून घेत. कार्यालयाने दिलेले हेडफोनही जाडजूड, कान पूर्ण झाकणारे होते. समोर माणूस येऊन उभा राहिलेला कळत नसे, म्हणून त्या एकच कान आत ठेवत आणि दुसरा बाहेर. तक्रार करावी एवढं मोठं त्यांना काही वाटलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोंडाईच्याहून सुगराबींचा फोन आला. नात मिसबाह हिला धुळ्याला डिप्लोमासाठी प्रवेश मिळाला होता, वसतिगृहाच्या अर्जाचं काय झालं ते हवं होतं. बाईंनी नंबर टाकला. पान उघडायला वेळ लागला, कानात शांतता होती. उघडल्यावर त्या सवयीने थेट शेवटच्या रकान्यावर गेल्या. कानात आवाज आला, "पात्र."

"पात्र आहे, आजी. पंधरा तारखेला मुलीला घेऊन या."

पंधराला सुगराबी आणि मिसबाह लोखंडी पेटी, गादी आणि बादली घेऊन एसटीने आल्या. वसतिगृहातल्या यादीत नाव नव्हतं. तिथून त्या सामानासकट रिक्षाने कार्यालयात आल्या.

"बाई, तुम्हीच बोलला होता ना, पात्र म्हणून?" सुगराबींचा आवाज चढला नव्हता. तो थकलेला होता.

बाईंनी शिपाई नवलला हाक मारून पडदा वाचायला सांगितला.

"ताई, आठे ते अपात्र लिखेल शे," नवल म्हणाला. "दाखला अर्धाच स्कॅन व्हयेल शे."

दुरुस्तीची मुदत बारा तारखेला संपली होती.

बाईंनी बटण दाबलं. "अपात्र." त्या मिनिटभर थांबल्या, पुन्हा दाबलं. "पात्र." तीनदा करून बघितलं. शांतता झाली की आवाजाचं यंत्र झोपी जायचं आणि जागं होताना पहिलं अक्षर गिळायचं. नेमका अ.

त्या उठून, टेबलांच्या कडा चाचपत साहेबांकडे गेल्या. "चूक मुलीची नाही, माझी आहे. तसं लिहून देते. दाखला आज घ्या."

"लताताई, चूक तर मशीनची आहे," साहेब म्हणाले.

"अक्षर जात होतं हे मला महिनाभर माहीत होतं, साहेब. मी बोलले नाही."

साहेबांनी दाखला घेतला आणि वर पत्र पाठवलं. दुसऱ्या यादीपर्यंत थांबावं लागेल, असं उत्तर आलं. मिसबाह तीन आठवडे दोंडाईच्याहून येऊन-जाऊन करत राहिली. पेटी आणि गादी मात्र नवलने रेकॉर्डरूममध्ये ठेवून घेतली.

जूनपासून ज्यांना ज्यांना उत्तर दिलं त्यांची नावं बाईंनी ब्रेलमध्ये टोचून ठेवली होती. एकसष्ट निघाली. दोन दिवस त्यांनी प्रत्येक अर्ज पुन्हा ऐकला, प्रत्येक शब्द दोनदा. आणखी दोन चुका सापडल्या, एक साक्रीची, एक शिरपूरची. दोघांनाही फोन करून आधी माफी मागितली, मग काय करायचं ते सांगितलं.

रविवारी त्या जळगावला भाऊ गिरधरकडे गेल्या आणि त्याला घेऊन मोईजच्या संगणकाच्या सामानाच्या दुकानात पोचल्या. सोबत स्वतःचा लॅपटॉप होता. त्याचाही आवाज आता त्यांना अक्षर खाताना सापडला होता.

"ताई, हा घ्या, बेस जबरदस्त आहे," मोईजने हेडफोन पुढे केला.

"भाऊ, मला गाणी ऐकायची नाहीत. शब्दाचं पहिलं अक्षर ऐकायचंय."

मोईजला आधी कळलं नाही. बाईंनी लॅपटॉप उघडून त्याचा हेडफोन मोईजच्या कानाला लावला, मिनिटभर थांबल्या आणि ऐकवलं. मग त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं आणि यूएसबीत लावायची तीन साउंड कार्डं काढली. पहिलं कार्ड अक्षर खात होतं. दुसरं स्वच्छ होतं, पण पाच मिनिटं गप्प राहिलं की तेही झोपायचं. तिसऱ्यात सतत बारीक सूं असा आवाज होता.

"हे नका घेऊ, खरखर आहे," मोईज म्हणाला.

बाईंनी ते कार्ड लावून दहा मिनिटं काहीच वाजवलं नाही. गिरधर दोनदा चहा घेऊन आला. मग बटण दाबलं. "अपात्र." अख्खा शब्द.

"हेच द्या. खरखर येते म्हणजे ते जागं आहे."

हेडफोन त्यांनी सात लावून बघितले. गालाच्या हाडावर बसणारा हेडफोन कान मोकळा ठेवत होता, पण त्यात ट आणि त सारखे वाटत. शेवटी पातळ स्पंजाचा एक हलका हेडफोन घेतला. तो दोन्ही कानांवर असतानाही गिरधर मागे कुणाशी बोलत होता ते त्यांना स्पष्ट ऐकू आलं. तसंच आणखी एक कार्ड कार्यालयासाठी घेतलं. साहेबांनी ते सोमवारी लावून दिलं.

ऑगस्टमध्ये दुसरी यादी आली, मिसबाहला दुसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. नवलनेच पेटी वर चढवली. सुगराबी अजून अधूनमधून बाईंना फोन करतात. वसतिगृहातल्या डाळीत पाणीच फार असतं, तुम्ही साहेबांना सांगा, असं म्हणतात.