त्राइनचं पिवळं झाड

वुब्बो सकाळी मागच्या अंगणात आला, कुंडीकडे पाहिलं आणि त्यानं जी शिवी हासडली ती इथं लिहिण्यासारखी नाही. झाड आणखी पिवळं पडलं होतं. खालची जुनी पानं हिरवी, आणि कालपरवा फुटलेली वरची कोवळी पानं मात्र हळद लागल्यासारखी, फक्त शिरा तेवढ्या हिरव्या. अर्धा जुलै सरला. गांजाच्या झाडानं एव्हाना कुंपणावरून डोकं बाहेर काढायला हवं. हे बेटं त्याच्या गुडघ्याशीच घुटमळत होतं.

"कसंय रे?" दारातून त्राइननं विचारलं.

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे कसं ठीक?"

"अगं, ठीक म्हणजे ठीक! जरा कॉफी टाक... राहू दे, मीच टाकतो."

भरलेली किटली बायकोला उचलता येत नाही हे त्याला बोलून झाल्यावर आठवलं. मग तो स्वतःवरच चिडला. या उन्हाळ्यात तो सगळ्यांवर चिडत होता, स्वतःवर जरा जास्तच.

त्राइनच्या बोटांचे सांधे संधिवातानं सुजून बसले होते. दिवसा ती दात-ओठ खाऊन निभवायची, रात्र मात्र तिच्याच्यानं निभत नव्हती. तिथं दुकानात उघड मिळणारा गांजा आणून पाहिला. एकानं डोकं गरगरलं, दुसऱ्यानं बाई तासभर रडत बसली. शेवटी वेंडममधल्या तिच्या मैत्रिणीनं, फ्राउकेनं, आपल्या झाडाचं तेल दिलं. जिभेखाली चार थेंब टाकले की त्राइन सकाळपर्यंत गाढ झोपायची. पुढं फ्राउके वृद्धाश्रमात गेली, तिची झाडं तिच्या मुलानं कचऱ्यात घातली. उरली ती आधी मागून आणून कुंडीत रुजवलेली ही एक फांदी. दोघं उत्तरेतल्या वेंडमहून दक्षिणेत लेकीजवळ राहायला आले तेव्हा वुब्बोनं ती गाडीत मांडीवर धरून आणली होती. त्या देशात घरटी पाच झाडांपर्यंत पोलीस फिरकत नाहीत, पण पाच हवी होती कुणाला? हे एक जगलं की झालं. तपकिरी बाटलीत तेल तळाला गेलं होतं, आणि शरदात हे झाड फुललं नाही तर ती बाटली पुन्हा भरणार नव्हती.

आता गंमत बघा, वुब्बोला बागकामातलं ओ की ठो कळत नव्हतं. जन्मभर त्यानं कालव्यावरचा पूल उघडला आणि मिटला. वेंडमच्या घरामागची बाग त्राइनची. बटाटे, घेवडा, केलची पालेभाजी, सगळं तिचं. तिनं "खण" म्हटलं की हा खणायचा, "पुरे" म्हटलं की थांबायचा. हात निकामी झाल्यापासून ती मातीजवळ जात नव्हती, निदान वुब्बोची तशी समजूत होती. त्यामुळं सगळा भार त्याच्या डोक्यावर.

झाड पिवळं पडलं म्हणजे उपाशी आहे, एवढंच त्याला समजलं. त्यानं खत घातलं. पानांच्या कडा करपल्या. मग दुसरं, महागातलं खत घातलं. कडा आणखी करपल्या. शेवटी हात टेकून तो नर्सरीत गेला.

नर्सरीतल्या बाईनं पिशवीतून आणलेली माती पाण्यात कालवली, तीत कागदाची पट्टी बुडवली आणि रंग पाहून कपाळाला हात लावला.

"आजोबा, कशाला खत घालताय? जेवण भरपूर आहे, तोंड शिवलंय त्याचं. मातीचा पीएच आठापर्यंत गेलाय. सहा-साडेसहा हवा. इतक्या चुनखडीच्या मातीत मुळांना लोह घेताच येत नाही."

"म्हणजे मी इतके दिवस..."

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला! खत बंद करा. आणि नळाचं पाणी घालू नका, आमच्याकडचं पाणी जड असतं. पावसाचं घाला."

जड पाणी! वुब्बोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरीच! किटलीत पांढरे थर, नळाला पांढरे थर, आणि कुंडीतल्या मातीवरही पांढरी साय धरलेली. या दक्षिणवाल्यांच्या डोंगरात चुनखडी, घरात चुनखडी, पाण्यात चुनखडी. येताना शेजारचा ह्यूब कुंपणापाशी गुलाब छाटत होता. वुब्बोनं सगळा राग त्याच्यावर काढला.

"तुमचं पाणी आहे की गवंड्याचा गिलावा? माझं झाड मारलंत!"

ह्यूबनं कात्री खाली ठेवली. "अरे म्हाताऱ्या, सात पिढ्या आम्ही हेच पाणी पितोय. मेलो का?"

"बोलता तरी कुठं धड? घशात खडी अडकल्यासारखं तर बोलता!"

ह्यूब घरात निघून गेला आणि त्यानं दार आपटलं. वुब्बोला वाटलं, बरं झालं. मग आठवलं की आळीत पावसाचं पाणी धरणारं पिंप फक्त ह्यूबकडेच आहे. घ्या आता! दुसऱ्या दिवशी जर्दाळूचा केक घेऊन त्याच्या दारात उभं राहावं लागलं. ह्यूबनं केक ठेवून घेतला, बादली भरून दिली आणि दार लावून घेतलं.

पावसाचं पाणी सुरू झालं. झाडानं एक पान हिरवं काढलं. वुब्बो लहान पोरासारखा हरखला. आणि आठवड्यानं पुढचं पान पुन्हा पिवळं. नर्सरी, पट्टी, पुन्हा तेच आठ. बाई म्हणाली, आजोबा, नक्की नळाचं घालत नाही ना? तो तिच्यावरही ओरडला. गंधकाची पूड आणली, ती घातली. नव्या मातीत झाड हलवलं, पाठ मोडेस्तोवर. चार दिवस बरं, मग पुन्हा पांढरी साय, पुन्हा पिवळं. पट्ट्याच खोट्या, असं ठरवून त्यानं घरी आणलेल्या पट्ट्या फेकल्या. ह्यूब रात्री कुंपणावरून सूड घेतोय, असंही एकदा त्याच्या मनात आलं. रात्री पलीकडच्या खाटेवर त्राइन कूस बदलायची, कण्हणं दाबायची, आणि हा छताकडे बघत मनातल्या मनात झाडाला शिव्या द्यायचा. चार थेंबांचे आता दोन झाले होते. तिनंच कमी केले, त्याला न सांगता.

ऑगस्टच्या शेवटी तो पुन्हा नर्सरीत जायला निघाला आणि बसथांब्यावर कळलं की मातीची पिशवी घरीच राहिली. तणतणत परत आला. मागच्या अंगणात शिरला आणि जागीच थांबला.

त्राइन कुंडीसमोर स्टुलावर बसली होती. गुडघ्यांत बिस्किटांचा जुना निळा डबा घट्ट धरलेला. बोटांनी झाकण निघेना म्हणून चमच्याचा दांडा दातात धरून ती झाकण उचकटत होती. निघालं. मग दोन्ही मनगटांत चमचा पकडून तिनं पांढरी पूड कुंडीत पसरली, जेवणाच्या काट्यानं हळूहळू मातीत कालवली. प्रत्येक ओढीला तिचे डोळे मिटत होते.

वेंडमचा चुना! तिकडची जमीन काळी, दलदलीतली, आंबट. दर वसंतात चुना पडला नाही तर तिथं वाटाणासुद्धा धरत नाही. पिवळं पान दिसलं की चुना, हे त्राइनला तिच्या आईनं शिकवलं आणि आईला आजीनं. वुब्बो चिंतेत दिसला की, तो नर्सरीच्या वाटेला लागला की, ही बाई आपल्या परीनं झाडाला औषध देत होती. तो जितक्यांदा उपाय आणायला गेला तितक्यांदा. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"त्रा..." त्याच्या तोंडून निघालं. सगळ्या उन्हाळ्याचा संताप ओठांवर आला होता. अगं बाई, तूच! तूच घालवलंस तुझं औषध!

ती दचकली. पांढरे हात तिनं मांडीत लपवले. "रागावू नकोस. तू एकटाच झटतोस. मला वाटलं, एवढं तरी..." तिची बोटं लालबुंद झाली होती.

वुब्बोनं ती बोटं पाहिली. सांगावं तर ही मेल्याहून मेली होईल. न सांगावं तर झाड मरतंय. धड इकडं नाही, धड तिकडं नाही. शेवटी तो एवढंच म्हणाला, "डबा मला उघडायला सांगत जा."

त्या दुपारी त्यानं चुना कचऱ्यात ओतला, डब्यात गव्हाचं पीठ भरलं आणि झाड पुन्हा नव्या मातीत लावलं. त्राइननं मागितला की तो डबा उघडून द्यायचा आणि ती समाधानानं चिमूट चिमूट पसरायची. ह्यूबला मात्र त्यानं खरं सांगितलं, आणि माफीही मागितली. ह्यूब पोट धरून हसला, मग दोन बादल्या भरून स्वतः घेऊन आला.

झाड सावरलं. उशीर झाला होता, उंची काही वाढली नाही, पण शेंड्याला हिरवी पानं आली आणि सप्टेंबरात बारीक बारीक फुलं धरली. वुब्बोनं ओरडणं सोडलं. लेक आली तेव्हा म्हणालीसुद्धा, बाबांना काय झालंय, आजारी आहेत का?

एक दिवस पाऊस पडून गेल्यावर त्राइननं त्याला अंगणातून हाक मारली. ती कुंडीवर वाकली होती. मातीवर राखाडी, मऊ बुरशीचा थर आला होता.

"वुब्बो," ती म्हणाली, "चुन्याला बुरशी येत नाही."

तो बुटाच्या टोकानं कुंडी सरळ करू लागला.

"पीठ आहे ना? कधीपासून?"

"ऑगस्टपासून."

ती हिरव्या शेंड्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं जमीन कसलेली बाई, तिला आणखी काय सांगायचं? तिचे डोळे भरले. "म्हणजे मीच."

"तिकडची जमीन आंबट होती. इथली नाही. तुला कोण सांगणार होतं?"

"तू! तू सांगायला हवं होतंस, गाढवा! मी या हातांनी दर वेळी..." तिनं मनगटानं डोळे पुसले. "आणि वर माझ्या झाडाला बुरशी आणलीस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच." नाक पुसून तिनं सुजलेलं बोट मातीकडे केलं. "ही वरची माती खरवडून टाक. जड हात नको, मुळं वरच आहेत. पुरे म्हणेपर्यंत खरवड."

वुब्बो गुडघ्यांवर बसला आणि खरवडू लागला. ती वरून बघत होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "पुरे." तो थांबला.