धडधाकट गुडघ्याचं प्रमाणपत्र

धडधाकट पोराला मी कागदोपत्री जायबंदी केला आणि त्यापायी त्याची कायमची नोकरी हुकली. हे एवढंच आहे. पुढे जे लिहितो आहे ते या एका वाक्याभोवती घातलेलं कुंपण समजा. कचेरीतली सवय, दुसरं काय. मूळ चूक एका ओळीची असते आणि खुलासा चार पानांचा.

मी तहसील कचेरीत कारकून होतो. जन्मभर परिपत्रकं वाचली. परिपत्रकात काय लिहिलंय ते कोणीही सांगतो, काय लिहायचं राहिलंय ते मी सांगायचो. याचा मला गर्व होता. निवृत्त झाल्यावर हा गर्व ठेवायला जागा उरली नाही, म्हणून मी कबड्डीच्या नादाला लागलो. आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात कबड्डी पोरांच्या अंगात असते. माझ्या नव्हती. शाळेत एकदाच चढाईला उतरलो होतो आणि मधली रेषा ओलांडायच्या आतच दम सुटला होता. तरी गावच्या संघाचा व्यवस्थापक मीच, कारण अर्ज इंग्रजीत मीच लिहायचो.

गेल्या वर्षी आजूबाजूच्या सहा गावांनी मिळून लीग काढली. टीव्हीवर असते तशी, खेळाडूंचा लिलाव वगैरे. आता आमच्याकडे दोन गावं अशी आहेत की मुंबईवाल्यांना जमिनी विकून गब्बर झालीत. त्यांनी सगळे चांगले खेळाडू उचलले असते तर बाकीच्यांनी नुसता गुलाल उधळायचा काय? म्हणून ठरलं, बोली पैशांत नाही, पॉइंटांत. प्रत्येक संघाला दहा हजार पॉइंट. त्यातच संघ बसवायचा, वर एक पॉइंट नाही. नियमावली लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

माझा एक भाचा कॅनडात असतो. तिकडे बर्फावर हॉकी खेळतात आणि त्यांच्या मोठ्या लीगमध्ये खेळाडूंच्या पगारावर अशीच मर्यादा असते. मी त्याला फोन लावला. म्हटलं, खेळाडू मध्येच जायबंदी झाला तर तुमच्याकडे काय करतात? तो म्हणाला, "मामा, त्याला जखमींच्या यादीत टाकतात. मग त्याच्या पगाराएवढी जागा मोकळी होते, तेवढ्यात बदली खेळाडू घेता येतो." मी नियम नऊ लिहून टाकला: डॉक्टरचं प्रमाणपत्र दिल्यास जायबंदी खेळाडूचे पॉइंट संघाला परत, त्यातून न विकल्या गेलेल्यांपैकी एक बदली घ्यावा. मूळ खेळाडू बरा झाला तर बाद फेरीपासून त्याला उतरता येईल.

मग भाचा हसत म्हणाला, "पण मामा, तिकडे यात लबाडी करतात. महागडा खेळाडू साखळी संपेपर्यंत यादीत ठेवतात. बाद फेरीत पगार मोजायचेच नाहीत असा नियम होता ना. तो तिथे बरोबर बरा होऊन येतो. लोक जाम चिडतात."

भल्या माणसाने हे ऐकून नियम नऊ दुरुस्त केला असता. मी फोन ठेवला आणि तसाच छापायला दिला.

आमचा हुकमी चढाईपटू चोवीस वर्षांचा होता. लिलावात चार हजार पॉइंट त्याच्यावरच गेले, म्हणजे बाकीचा संघ सहा हजारांत. हा पोरगा रेवसकडे एका ठेकेदाराच्या हाताखाली कामाला. आज आहे, उद्या नाही. बाप लहानपणीच गेलेला, आई पांढऱ्या कांद्याचं थोडं शेत करून त्याच्या माळा विकायची. त्याचं सगळं लक्ष एका गोष्टीवर होतं. जवळच्या एका कंपनीचा कबड्डी संघ आहे, खेळाडू म्हणून घेतात आणि कायम करतात. त्यांना त्या वर्षी एक चढाईपटू हवा होता. एकच. त्यांचा प्रशिक्षक आमची लीग बघायला येणार अशी कुणकुण होती.

आणि लिलावात एक मोहरा न विकताच राहिला होता. तळा गावाकडचा उंच चढाईपटू. त्याची मूळ बोलीच साडेतीन हजारांची, आणि तोवर कोणाकडे तेवढे पॉइंट उरले नव्हते. मला रात्रंदिवस तो दिसायला लागला. माझा नियम नऊही दिसायला लागला. मूळ खेळाडू परतल्यावर बदलीने जायचं, असं त्यात कुठेच लिहिलं नव्हतं.

मी पोराला घरी बोलावला. सगळं समजावलं. चार रविवार साखळीचे, ते खुर्चीत बसून काढायचे. पाचव्या रविवारी उपांत्य आणि अंतिम, तेव्हा तू आणि तो तळ्याचा, दोघं एकदम. समोरच्यांची पळता भुई थोडी.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाऊसाहेब, पन कंपनीची मानसं येनार हायेत ना?"

"अरे, मोठी माणसं साखळी बघायला येतात काय? ती फायनलला येतात. हारतुरे घ्यायला."

"नक्की ना?"

"मी कचेरीत जन्म काढलाय. साहेबलोक कधी येतात ते मला सांगतोस?"

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. मला काहीही माहीत नव्हतं.

प्रमाणपत्रासाठी मी माझ्या एका डॉक्टर मित्राकडे गेलो. तो म्हणाला, "गुडघा लिहू की घोटा?" मी म्हटलं, "ज्याला जास्त दिवस लागतात ते लिही." त्याने गुडघा लिहिला. दोघंही खूप हसलो. चहा त्यानेच पाजला.

गुपित फुटू नये म्हणून पोराच्या आईलाही सांगायचं नाही असं मी बजावलं. मग त्या माउलीने काय काय केलं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. रोज संध्याकाळी शेतातून आल्यावर ती त्याच्या गुडघ्याला तेल गरम करून चोळायची. हळद-तुरटीचा लेप लावायची. हाडवैद्याकडे घेऊन गेली. त्याने दाबून बघितलं आणि म्हणाला, "काय न्हाय याला." तर हाडवैद्याला काही कळत नाही म्हणून ती दुसऱ्याकडे घेऊन गेली. हरिहरेश्वरला अभिषेक बोलली. पोरगा मान खाली घालून चांगल्या गुडघ्याला तेल चोळून घ्यायचा. एकदा मला म्हणाला, "भाऊसाहेब, आईला तरी सांगू द्या." मी म्हटलं, "बायकांच्या पोटात राहतं काय?" तेव्हा हे फार हुशारीचं वाटलं होतं.

भात कापलेल्या शेतात मैदान केलं होतं. पहिल्या रविवारी मी स्वतः त्याच्या गुडघ्याला पट्टी बांधली. दुसऱ्या रविवारीही बांधली. पलीकडच्या गावचा व्यवस्थापक, माझ्याच वयाचा, जवळ आला, कंबरेवर हात ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, "काय रे, गेल्या रविवारी उजवा होता ना? दुखापत फिरती हाय काय?"

मी डावा गुडघा बांधला होता. "दोन्ही दुखतात," मी म्हटलं. "जोर एकावर पडला की दुसरा दुखतो."

"आनि तुझं डोकं? त्याला कुठली पट्टी?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. पोरगा हसला नाही.

तळ्याचा मात्र सुसाट सुटला होता. तिसऱ्या रविवारी त्याने एका चढाईत तिघांना मारलं तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीतला टोपीवाला माणूस मान डोलवून म्हणाला, "छान. पण मी दुसऱ्यासाठी आलो होतो. तुमचा तो उजवीकडून चढाई करणारा कुठेय? गेल्या वर्षी तालुक्याला बघितलेला."

मी विचारलं, "आपण?"

तोच प्रशिक्षक. साखळी बघायला आलेला. हार नाही, तुरा नाही.

समोर पोरगा पट्टी बांधून बसलेला. त्यानेही ओळखलं होतं, कारण तो खुर्चीतून अर्धा उठून माझ्याकडे बघत होता. इथे मला थांबता आलं असतं. म्हणता आलं असतं, साहेब, गुडघा दुखावलाय, महिन्याने बघा. पण मला सुचलं ते वेगळंच. मला वाटलं, खरं सांगितलं की हा माणूस माझ्या डोक्याला दाद देईल. मी त्याला चहाच्या गाडीपाशी घेऊन गेलो आणि हळूच म्हटलं, "साहेब, आपले म्हणून सांगतो. त्याला काही झालेलं नाही. ठणठणीत आहे." आणि नियम नऊ, चार हजार पॉइंट, कॅनडा, सगळं सांगितलं. हातवारे करून सांगितलं.

तो हसला नाही. चहा संपवला, कप गाडीवर ठेवला.

"म्हणजे प्रमाणपत्र खोटं आहे."

"खोटं म्हणजे... नियमात बसवलंय."

"गुडघा खरंच गेला असता ना, तर मी सहा महिने थांबलो असतो," तो म्हणाला. "आमच्याकडे दुखापतीला रजा आहे, उपचार आहेत. पोरगा चांगला आहे. पण खोटं प्रमाणपत्र देतो हे कळल्यावर मी त्याला वर कसा सुचवू? उद्या कामावर हेच करील."

"साहेब, हे मी केलं. त्याचा काय दोष?"

"पट्टी बांधून त्यानेच घेतली ना?"

मी आणखी बरंच बोललो. त्याच्या आईचं, ठेकेदाराचं. तो ऐकत होता, पण नजर मैदानाकडे होती. तिथे तळ्याचा पुन्हा चढाईला निघाला होता.

पोराने मला गाठलं आणि विचारलं, "काय बोलले?"

इथवर जे झालं त्याला मूर्खपणा म्हणता येईल. यापुढचं जे आहे ते मला आजही नीट लिहिता येत नाही. मी म्हणालो, "बघू म्हणाले. आधी फायनल होऊ दे." कारण खरं सांगितलं असतं तर तो पाचव्या रविवारी उतरला नसता, आणि मला तो चषक हवा होता. बास.

पाचव्या रविवारी तो उतरला. आई बघायला आली होती. लेक खुरडत येईल म्हणून काळजीने आली होती. त्याने मैदानात शिरताना उंच उडी मारली. चार रविवार कधी या, कधी त्या गुडघ्याला पट्टी बांधून बसलेला माणूस. मी बायकांच्या बाजूला बघायचं टाळलं.

विरोधी संघाने हरकत घेतली. मी नियमावली काढून मोठ्याने वाचली. पलीकडच्या गावचा तोच व्यवस्थापक ओरडला, "नियम तुझा, खेळाडू तुझा, डॉक्टर तुझा! आमी काय टाळ्या वाजवायला आलो?" पण कागद माझ्या बाजूने होता. दोन्ही सामने आम्ही जिंकलो. अंतिम सामन्यात आमच्या पोराने एकट्याने चौदा गुण घेतले. तसा तो कधी खेळला नव्हता. त्याला वाटत होतं की कोणीतरी बघतंय.

बक्षीस देताना चषक त्याच्याच हातात दिला. आणि तेवढ्यात निवेदकाने माईकवरून सांगितलं की आनंदाची बातमी आहे, कंपनीच्या संघात आपल्या लीगमधल्या खेळाडूची निवड झाली आहे. नाव घेतलं ते तळ्याच्या पोराचं. त्याला आमच्याच पोरांनी खांद्यावर घेतलं. त्याचीही काही चूक नव्हती. तो आमच्यासाठी चार रविवार जीव तोडून खेळला होता, आमच्या पोराच्या जागेवर.

आमच्या पोराने चषक खाली ठेवला. माझ्याकडे आला.

"तुमी बोललात ना त्यांच्याशी?"

"बोललो."

"काय बोललात?"

मी सांगितलं. सगळं, चहाच्या गाडीपासून. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, मग "बरं" म्हणाला आणि चालत गेला. शिवी दिली असती तर मला जरा बरं वाटलं असतं. ते सुख त्याने दिलं नाही. त्यानंतर त्याने खेळ सोडला असं लोक सांगतात. मी विचारायला गेलो नाही, मैदानात दिसत नाही एवढं मात्र खरं. नियम नऊ या वर्षी समितीने काढून टाकला. मलाही काढलं.

मार्चअखेर मी एक अर्ज लिहिला. कंपनीच्या अधिकाऱ्यांना, जन्मात लिहिला नसेल असा. दोष सर्वस्वी माझा, खेळाडूने वडीलधाऱ्याच्या सांगण्यावरून केलं, तरी फेरविचार व्हावा. वाचून मलाच गहिवरून आलं. त्यावर पोराची सही हवी होती, म्हणून भर दुपारी त्यांच्या घरी गेलो. तो कामावर गेला होता. आई ओटीवर कांद्याच्या माळा विणत बसलेली, पाती एकमेकांत घालून, हात न थांबवता. मी अर्ज वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकला. मी म्हटलं, "पोराचं भलं व्हावं, एवढंच माझ्या मनात होतं हो. तेव्हाही आणि आताही."

तिने विणता विणता आत हाक मारून धाकट्या लेकीला पाणी आणायला सांगितलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"उन्हातून आलाव, पानी प्या आनि निगा," ती म्हणाली. "आनि भाऊसाहेब, माज्या पोराच्या भल्याचं पुन्ना काय सुचलं ना, तर घरातच बसा."