परत आल्याबद्दल गुण कापले

आधी कबुली देऊन टाकते. एका लेखकाने पाच कादंबऱ्यांत पाच जणांना मारून पुन्हा उठवलं होतं, आणि मी त्या पाचही जणांना मेलेलंच ठेवलं. मोठ्याने वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मी शेवटची प्रकरणं सरळ गाळली. वय अठरा, दोन वेण्या, कॉलेजचं पहिलं वर्ष. आणि आपल्याला इंग्रजी वाचता येतं म्हणजे इंग्रजी लिहिणाऱ्याला सुधारायचा अधिकारही आपल्याला आहे, अशी पक्की समजूत.

हे आज निघालं नातीमुळे. तिला कुठेतरी हीच पुस्तकं सापडली. फोनवर म्हणते, "आजी, सहा आहेत. कुठलं आधी वाचू? तू क्रम लावून दे ना."

म्हटलं, "मी एकदा लावला होता. तो ऐक, म्हणजे कसा लावू नये ते कळेल."

लेखक इंग्रज आणि पक्का ख्रिस्ती. चार अद्भुत कथा मुलांसाठी, दोन ग्रहताऱ्यांवरच्या जरा थोरांसाठी. पुस्तकं मिळायची आमच्या गिरगावातल्या चाळीसमोरच्या वाडीतून. तिथे ख्रिस्ती शाळेत शिकवणाऱ्या एक मिस राहायच्या. त्यांच्याकडे काचेचं कपाट होतं आणि कपाटाचा नियम होता: एका वेळी एकच पुस्तक न्यायचं, घरी नेल्यावर खाकी कव्हर घालायचं आणि परत देताना काय आवडलं ते सांगायचं.

मी ती पुस्तकं स्वतःसाठी आणत नव्हते. वहिनीसाठी आणत होते.

दादा त्या वर्षी गोळीबारात गेला. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. तो छापखान्यात खिळे जुळवायचा. त्या दिवशी छापखाना लवकर सुटला. तो मोर्चात होता की कडेला उभा राहून बघत होता, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा डबा कुणीतरी आणून दिला. आत अर्धी पोळी होती. वहिनीने ती काढली, डबा घासला, फळीवर पालथा घातला. पदराला हात पुसले. झालं.

ती रडली नाही. त्या दिवशी नाही, तेराव्याला नाही, महिना उलटला तरी नाही. आमच्याकडे याची फार धास्ती. शेजारच्या काकू रोज येऊन आईच्या कानाशी लागायच्या, "तिला रडवा हो. आत साठलं तर डोक्यात जाईल." एकीने दादाचा सदरा आणून तिच्या मांडीवर ठेवला. वहिनीने त्याची घडी घातली. एकीने गळ्यात पडून स्वतःच हंबरडा फोडला. वहिनीने तिला पाणी आणून दिलं. रस्त्यावरून फेरी जायची तेव्हा आमच्या चाळीखाली थांबून लोक दादाचं नाव घ्यायचे आणि "अमर रहे" म्हणायचे. वहिनी उठून गॅलरीचं दार लोटून घ्यायची आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसायची.

आई दोघींच्या वाटचं रडून घ्यायची. मला कुणी काही म्हणत नव्हतं. मी कामात होते. आल्यागेल्याचा चहा, पाणी, सतरंजी घालणं, सतरंजी काढणं.

आणि मग आमच्या शहाण्या पोरीला, म्हणजे मला, कल्पना सुचली. काकूंना जमलं नाही ते वाङ्मयाने करायचं! दुपारी जेवणं झाली की वहिनीला इंग्रजी कादंबरी मराठीत सांगत वाचून दाखवायची. एखादा गुणी जीव मरतो तिथे थांबायचं. ती रडेल. मी एक वहीसुद्धा केली होती. प्रत्येक कादंबरीला दहापैकी गुण, वेगवेगळे रकाने आखून: मरणाचा प्रसंग, करुण रस, भाषा. पहिलं पुस्तक आधी स्वतः वाचून संपवलं तेव्हा अजून एक रकाना आखावा लागला, कारण मेलेला माणूस शेवटून दुसऱ्या प्रकरणात उठून उभा! मी चिडलेच. त्या रकान्यावर लिहिलं, "परत आला: उणे तीन".

पहिलं होतं विहिरीचं. एका गावाची विहीर शापाने आटते, आणि पाणी यावं म्हणून एक म्हातारा तिच्यात उतरतो. पाणी येतं, म्हातारा येत नाही. मी तिथे पुस्तक मिटलं आणि वहिनीकडे बघत बसले. ती म्हणाली, "खोल असेल." आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

दुसरं घंटेचं. एक मुकी मुलगी घंटेच्या आत स्वतः लोलक होऊन लटकते, आणि सगळं शहर जागं होतं. तिसरं जळक्या जहाजाचं, चौथं मिठाच्या राजाचं. पाचवं चंद्राच्या पाठीवरच्या मळ्याचं. तिथे एक माळी आपल्या श्वासावर रोपं जगवतो आणि श्वास संपवून बसतो. प्रत्येकात कुणीतरी दुसऱ्यासाठी मरतं आणि प्रत्येकात ते परत येतं. प्रत्येक वेळी मी मरणापाशी पुस्तक मिटलं. वहिनी पुस्तक माझ्या हातातून घ्यायची, पानं चाळायची, कव्हर नीट करायची आणि फळीवर ठेवायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी निर्धास्त.

पाचवं परत करताना मी मिसना वही दाखवली. अभिमानाने! त्यांनी चष्मा लावून सगळे रकाने वाचले.

"हे उणे तीन कसले, बाय?"

"मिस, या लेखकाला दुसरं काही सुचतच नाही. मेलेल्याला मेलेलं ठेवण्याची हिंमत नाही त्याच्यात. मी ते भाग गाळते."

मिसनी चष्मा काढला. "अगं, ते परत येणं हेच तर त्याचं पुस्तक आहे. बाकीचं सगळं तिथवर जायचा जिना." मग हळूच म्हणाल्या, "तू कधी चर्चमध्ये ईस्टर बघितलायस? येशू पुन्हा उठला तो सण?"

"नाही."

"मग तुझे गुण राहू देत," त्या म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. कपाटातून त्यांनी सहावं काढून दिलं. म्हणाल्या, "हे त्याने बायको गेल्यावर लिहिलं."

सहावं शेपटीच्या ताऱ्याचं. यात चित्रं नव्हती. एक माणूस त्या ताऱ्यावर जातो, कारण ताऱ्याची वाट बदलली नाही तर तो पृथ्वीवर येऊन आदळणार असतो. तारा वळतो. माणूस येत नाही. घरी बायको खिडकीत दिवा ठेवते, आणि पुस्तक तिथेच संपतं. मी वाचून ताठ बसले. वहीत लिहिलं, दहापैकी दहा. पहिला क्रमांक. अखेर या गृहस्थाला लिहिता आलं, असा शेरासुद्धा मारला. शेरा मारणारी मी!

आज नातीला सांगितला तो क्रम वेगळाच आहे. आधी घंटेचं, कारण ती मुलगी परत येते तेव्हा बोलायला लागते आणि पहिलाच शब्द चुकीचा बोलते. तो प्रसंग मी तेव्हा गाळला होता आणि सहांत तोच सगळ्यांत चांगला आहे. मग विहिरीचं. मग चंद्रावरचं, जरा कंटाळवाणं आहे, पण माळी विसरता येत नाही. मग जहाजाचं. मिठाच्या राजाचं वाचलं नाही तरी चालेल, त्यात लेखक उपदेशच फार करतो. ताऱ्याचं सगळ्यांत शेवटी. ते वाईट आहे म्हणून नाही. आधीची पाच वाचून झाली नसतील तर त्या खिडकीतला दिवा नुसता दिवाच दिसतो.

तर ती दुपार. ताऱ्याचं मी एका बैठकीत सांगितलं, एकही ओळ न गाळता, कारण गाळण्यासारखं काही नव्हतंच. माझा आवाज कसा होता म्हणून विचाराल, तर रेडिओवर बाजारभाव सांगतात तसा. आई आतल्या खोलीत झोपली होती. वहिनी मेथी निवडत होती. मी मिटलं तसं तिने पुस्तक मागून घेतलं आणि मागची पानं उलटली. मग पुढची. मग पुन्हा मागची.

"यात चित्र नाही?"

"नाही."

"मग हा येत नाही?"

"नाही, वहिनी."

तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. मेथीच्या काड्या एका बाजूला केल्या, पानं एका बाजूला. मी वही आणि पेन्सिल घेऊन तिच्या डोळ्यांकडे बघत होते. ते कोरडे होते. तिने वर बघितलं आणि माझ्याही डोळ्यांकडे तसंच बघितलं, बराच वेळ.

मग म्हणाली, "वन्सं, बाकीचे पाचही जण उठून उभे राहतात. शेवटच्या पानांवर चित्रं आहेत की त्यांची. मला रडवायचं म्हणून तुम्ही त्यांना मारून ठेवत होतात, ते मी चालवून घेतलं. पण तो तुमचाही भाऊ होता. तुम्ही कधी रडणार?"