साड्यांच्या रांगेतली लुंगी

बसा हो, चहा होऊ द्या आधी. फजिती सांगायची तर ती गरम चहासोबतच सांगावी. चहा निवला, की सांगणाऱ्याला लाज वाटायला लागते. आणि माझी फजिती साधीसुधी नाही बरं का. तिला चक्क टाळ्या पडल्या! म्हणजे मला नाही, माझ्या लुंगीला.

थांबा, सुरुवातीपासून सांगतो.

जळगाव जामोदला आमच्या कॉलनीत एक मोकळी जागा होती. गाजरगवत आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांचंच तिथे राज्य. कॉलनीतल्या बायांनी ती साफ केली, वाफे पाडले आणि सगळ्यांची मिळून एक बाग उभी केली. त्यात सगळ्यांत पुढे माझी बायको, सुनंदा. तिच्या वाट्याचा वाफा रताळ्यांचा. पुढे कडुलिंबाखाली खुर्च्या आल्या, रविवारी व्याख्यानं सुरू झाली. वर्षातून एकदा चित्रांचं प्रदर्शनही भरायला लागलं. वेलांच्या मांडवाला चित्रं टांगायची. एका वर्षी दुधीभोपळ्याचं चित्र आणि खरा दुधी शेजारी शेजारी लटकत होते. पाहुण्यांनी दुधी पसंत केला आणि घरी नेला.

मागच्या वर्षी सुनंदा गेली. तिचा वाफा आता आमच्या शेजारच्या शोभाताई सांभाळतात. मी बागेत जातो, बाकावर बसतो, परत येतो. त्या वाफ्याकडे पाठ करून बसतो, हे शोभाताईंच्या लक्षात आलेलं असणार.

तर यंदा थंडीत बागेत रानडुकरं शिरू लागली. डोंगर जवळ, रताळी तयार; ती येणारच. बागेची बैठक भरली. मी शाळेत मराठी शिकवतो, थोडंफार लिहितो, त्यामुळे बैठकीत मला बोलायला लावतात. मी म्हणालो, "आपल्याकडे शेताला बांधतात तशा जुन्या साड्या बांधा कुंपणाला. डुकरं बुजतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या सूचनेवर माना डोलावल्या गेल्या, की मी खूष. कोणाच्या साड्या, हे काही माझ्या मनात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात चित्रांचं प्रदर्शन होतं आणि व्याख्यान माझं. आदल्या संध्याकाळी नाशिकहून मुलीचा फोन आला.

"बाबा, दिवाळीत आले होते ना, तेव्हा आईची ती बागेतली साडी मी शोभाकाकूंकडे दिली होती. बागेत लावायला. त्यांचं काय आहे ना..."

"बरं बरं," मी म्हणालो.

"अहो, ऐका तरी!"

"बरं, ठेवतो. भाजी लागेल."

गॅसवर भाजी नव्हती. सुनंदाचा विषय निघाला, की मी 'बरं बरं' म्हणतो आणि फोन ठेवतो. या सवयीनेच माझा घात केला, हे लक्षात ठेवा.

ती साडी हिरवी होती. पदराला केळीच्या चिकाचा डाग. तो डाग गेला नाही म्हणून सुनंदाने ती बागेसाठी काढली होती. तिच्या कपाटाला मी हात लावलेला नाही. आणि त्यातली नेमकी हीच साडी डुकरांसमोर? तीही माझ्याच सूचनेवरून? जेवण तसंच ठेवून उठलो मी!

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना बागेत गेलो. डोंगराकडच्या कुंपणाला साड्यांची रांग होती. लाल, पिवळ्या, फुलाफुलांच्या. मधोमध माझी हिरवी. पदर हातात घेतला. डाग जागच्या जागी होता.

सोडून घेतली. पण मग रांगेत हे एवढं खिंडार! डुकरं सरळ शोभाताईंच्या वांग्यांत जाणार. मी काही अगदीच बेजबाबदार माणूस नाही. घरून बदली आणली होती, माझी चौकड्यांची लुंगी. जुनी, विटलेली, एका कोपऱ्याला इस्त्रीने जळालेली. हिच्यावर सुनंदाचा फार दिवसांपासून डोळा होता. ती म्हणायची,

"टाका न ते आता! नाही तं द्या मले, पोछा करतो मी तिचा."

"अजून चांगली आहे."

"काय चांगली हाय तिच्यात? भोकं?"

तर ती लुंगी बांधली, साडी पिशवीत घातली आणि घरी येऊन शांतपणे चहा प्यालो. आपण फार हुशारीचं काम केलं, असं वाटत होतं. अशा वेळी माणसाने सावध व्हायला हवं, नाही का?

दहा वाजता कार्यक्रम. ती पिशवी घरी ठेवून जायचं मन होईना, म्हणून सोबतच घेतली, खुर्चीखाली ठेवली. चित्रकलेच्या एक मॅडम खामगावहून आल्या होत्या. यंदाच्या प्रदर्शनाची आखणी त्यांचीच. त्यांनी माईक घेतला आणि म्हणाल्या, "चला, आधी कुंपणाकडे."

कुंपणाकडे? मी खुर्चीखालची पिशवी उचलून काखेत मारली.

"ही बाग ज्या बायांनी उभी केली, त्यांच्या वापरातली एकेक साडी आपण इथे लावली आहे. हेच यंदाचं आपलं मुख्य चित्र."

प्रत्येक साडीखाली सकाळीच कोणीतरी यादीच्या क्रमाने नावाची पाटी लावली होती. मंडळी एकेक साडी बघत पुढे सरकत होती. मी मागे मागे राहत होतो. शेवटी मधोमध आलो. वर माझी लुंगी. खाली पाटी: 'कै. सुनंदाताई. त्यांचं आवडतं वस्त्र.'

आवडतं!

मॅडम बिचाऱ्या बाहेरगावच्या. त्यांनी लुंगीकडे पाहिलं आणि त्या गहिवरल्या. "पाहा, इतक्या साड्यांत ही एकच लुंगी. नवऱ्याची लुंगी कमरेला गुंडाळून माती खणणारी बाई माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. हा जळका कोपरा पाहा. किती सोसलं असेल या कापडाने!"

टाळ्या. एका काकूंनी डोळ्यांना पदर लावला. दोघा-तिघांनी फोटो काढले.

शोभाताई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या सरकत सरकत माझ्यापाशी आल्या.

"भाऊजी, वयनीची साडी कुठी हाय?"

"पिशवीत."

"काऊन?"

"मले वाटलं, डुकरांसाठी बांधली."

"डुकरांसाठी? वयनीची साडी मी डुकरांसाठी बांधीन?" त्यांचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "सोताच्या हातानं बांधली हो मी काल. मांगच्या बाजूले जुनी चादर हाय डुकरांसाठी, ते दिसली नाही तुमाले?"

दिसली नाही. त्या बाजूला सुनंदाचा वाफा आहे. तिकडे मी बघतच नाही ना.

आता गप्प बसता आलं असतं. लुंगीला मान मिळाला होता, साडी माझ्याजवळ होती. पण मग सुनंदाच्या नावावर कायमची ती लुंगी! जिचा तिला पोछा करायचा होता ती! नाही, हे तिला सहन झालं नसतं.

व्याख्यानासाठी माझं नाव पुकारलं. मी माईकसमोर उभा राहिलो आणि पिशवीतून साडी काढली. घडलं ते सगळं सांगितलं. मग कोणीतरी फस्सकन हसलं आणि पूर्ण बाग हसायला लागली. मॅडम लाजून लाल झाल्या. मीही हसलो. सुनंदाचं नाव घेऊन चार माणसांत हसण्याची ती पहिलीच वेळ. तयार केलेलं व्याख्यान राहूनच गेलं.

साडी मी माझ्या हाताने परत बांधली. डाग दिसेल असा पदर सोडला. मग त्या पलीकडच्या वाफ्याकडे पाहिलं. वेल चांगले पसरले होते.

"लुंगी बांधू का मांगच्या कुंपणाले?" शोभाताईंनी विचारलं. "डुकरांच्या कामी येईन."

बांधू दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाताई दारात.

"भाऊजी, डुकरं आली होती."

"कुठून?"

"तुमच्या लुंगीखालून."

म्हणजे बघा, साड्यांना बुजतात, चादरीला बुजतात. माझ्या लुंगीला डुक्करही भीत नाही!

प्रदर्शन संपलं, साडी घरी आली. कपाट उघडून मी ती जागेवर ठेवली. आणि लुंगीचे सरळ दोन तुकडे केले. फरशी आता मीच पुसतो.

पाणी काय सुरेख ओढते हो! ती सांगतच होती.