नांगर झालेली वाईस

आज अल बर्शाला जिथे माझ्या मुलाचा फ्लॅट आहे, तिथे साठच्या दशकात वाळू होती आणि वाळूच्या पलीकडे वाळू. इतकी सपाट, की दुबईच्या खाडीवर कुणी शिंकलं तर अल बर्शाचा उंट मान वळवून बघे. नात म्हणते, "दादा, दॅट्स नॉट पॉसिबल." मी म्हणतो, जा, उंटाला विचार.

मी तेव्हा खाडीकाठच्या एका वर्कशॉपात लाँचींचा फिटर होतो. रत्नागिरीकडचा, खाडीच्याच गावचा. एक खाडी सोडून दुसरीवर आलो, इतकंच. सुट्टीच्या दिवशी बाकीचे पत्ते कुटत, मी जुन्या वाईस शोधत फिरे. वाईस म्हणजे टेबलाला बसवलेला लोखंडी जबडा. दांडा फिरवला की आतला स्क्रू सरकतो आणि जबड्यात धरलेली वस्तू अशी आवळली जाते, की सावकारालाही तसं आवळता येणार नाही. मोडीत निघालेल्या आगबोटी, तेलवाल्यांनी सोडलेले कँप, बंद पडलेली पंपघरं, कुठून कुठून आणून मी त्या खाटेखाली सारल्या. शेवटी खाट इतकी वर गेली की मी झोपायला शिडीने चढायचो. खोलीतले भाऊबंद दात ओठ खाऊन म्हणत, "एक दिवस हे सगळं खाडीत टाकू. तुझ्यासकट."

ज्योतिषी हात बघून वय सांगतो, तसं मी वाईसचा दांडा बघून तिचं वय सांगायचो. दांड्याची टोकं तापवून, ठोकून फुगवली असतील तर ती म्हातारी. टोकाला गोळे आट्यांवर, म्हणजे स्क्रूसारखे फिरवून, बसवले असतील तर कालची पोर. जबड्याच्या पट्ट्या पिनांनी ठोकलेल्या असतील तर जुनी, स्क्रूने कसलेल्या असतील तर नवी. माझ्याकडची सर्वांत थोरली म्हणजे लोहाराची, लांब पायाची. एका भंगार आगबोटीच्या पोटातून काढलेली. महापुरातल्या नूह पैगंबराच्या किश्तीचे खिळे तिच्यातच सरळ केले होते असं मी सांगायचो, आणि चारचौघे मान डोलवायचे.

आमच्या वर्कशॉपात एक खालू, म्हणजे मावशीचे यजमान, होते. नात्याने कुणाचेच नव्हते, पण सगळे त्यांना खालूच म्हणत. लाँच आणि धक्का यांच्यामध्ये सापडून त्यांचा डावा हात चिरडला होता. बोटं होती, पण मिटत नव्हती. तरी ते काम करायचे, ते आपल्या वाईसच्या जोरावर. तिच्या मऊ जबड्यात त्यांनी कानस मारून खाचा पाडल्या होत्या. गोल सळीला एक, पाइपाला एक, चपट्या पट्टीला एक. वस्तू खाचेत टेकवली की उजव्या हाताने दांडा फिरवायचा, झालं. ती वाईस म्हणजे त्यांचा डावा हातच.

हा डावा हात मोडला खालूंच्याच हातून. आमच्याकडे कोकणात होडीला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल लावतात. खालूंचा या तेलावर अल्लाच्या खालोखाल विश्वास. लाकडाला, दोराला, दुखऱ्या गुडघ्याला, सगळ्याला तेच. स्क्रूला ग्रीसऐवजी वर्षानुवर्षं तेच चोपडत आले. ते सुकून डिंकासारखं घट्ट झालं, दांडा फिरेना. खालूंनी दांड्यात लांब पाइप घालून अंगाचं वजन टाकलं. कडाड! आतल्या नटाचे आटे उडाले. आता दांडा गरगर फिरे, पण जबडा काही आवळेना, दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखा.

आमचा मालक, ज्याला आम्ही अरबाब म्हणायचो, भला माणूस होता. त्याने नवी वाईस आणून दिली. पण तिचे जबडे पाणी दिलेल्या पोलादाचे. खालूंची कानस तिच्यावर घसरायची. खाच पडेना. एका हाताने वस्तू धरावी तर दांडा कोण फिरवणार? अरबाबने दोन-तीन दिवस पाहिलं आणि मायेने खालूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "खलास, हाजी. खूप काम केलंस. पुढच्या बोटीने घरी जा, आराम कर."

खालू दुपारी माझ्याजवळ येऊन बसले. "घरी गेलो तर ओटीवर बशिवतील मला. येनारा-जानारा विचारील, खालू, पानी हवां? आनि हितं काय विचारतात? खालू, ह्या शाफ्टाचां काय करूया? समाजलास तू?"

समजलो. नवा नट करून घ्यायला लेथवाल्याकडे गेलो, तर तसे चौकोनी आटे आतून पाडायचं हत्यार त्याच्यापाशी नव्हतं. "बहरैनहून मागवू, इन्शाल्ला." त्याच्या इन्शाल्लाच्या आधी बोट येणार होती. खाटेखालच्या सगळ्या वाईस उघडल्या. एकीचाही नट बसेना, आणि जबडे सगळ्यांचेच कडक, खाच न पडणारे. खालूंची वाईस ज्या जुन्या घडणीची, तिचे आटेच वेगळे. तिच्याच वयाची बहीण हवी होती.

बातमी आणली एका ट्रक ड्रायव्हरने. हा रायगडकडचा, फुजैरा आणि खोर फक्कानला तांदूळ-कांदे पोचवायचा. म्हणाला, "तू जमवतोस ना ते जबडे? खोर फक्कानचा एक मच्छीवाला तसल्याच एकाला दोर बांधून समुद्रात टाकतो. नांगर म्हणून!"

"यल्ला!" मी म्हणालो. खालूंच्या वाईसचा स्क्रू पिशवीत घातला. थोरलीला मागे ठेवायचा धीर होईना. भाऊबंदांचा काय भरवसा? तिलाही ट्रकात चढवली. रस्ता नव्हताच. डोंगरातल्या कोरड्या ओढ्यांतून ट्रक असा उडायचा, की पोत्यातल्या कांद्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

मच्छीवाला किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत होता. नांगर शेजारीच होता, शिंपल्यांनी मढलेला आणि मुशीच्या तेलाने चोपडून काळाकुळकुळीत झालेला. दर हंगामाला होडीला तेल लावून झालं की उरलेलं तो नांगराला फासायचा. मी मनात म्हटलं, इथेही तेच तेल! सुरीने शिंपले खरवडले. जबड्याच्या पट्टीवर पिना होत्या, स्क्रू नव्हते. दांड्याचं एक टोक गंजून गेलं होतं, दुसरं ठोकून फुगवलेलं. वय जुळत होतं. पण जबडा जाम, आत नट शाबूत आहे की त्याची माती झाली आहे, उघडल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

मी पैसे काढले. त्याने हसून हात हलवला. "हबीबी, पैशाने होडी थांबते? ह्या नांगराने मला कधी वाहून जाऊ दिलं नाही." आणि बोलता बोलता त्याची नजर ट्रकाकडे गेली. तिथून थोरलीचा लांब पाय बाहेर डोकावत होता. त्याने उठून तो हाताने चाचपला, वजन घेतलं आणि डोळे मिटून पसंतीची मान डोलावली. नांगराला पाहिजे तसा पाय!

ड्रायव्हर माझ्या कानाला लागला. "देऊ नको रे. त्या गंजक्या ढेकळात काय निघेल, कुणी पाहिलंय?"

खरंच कुणी पाहिलं नव्हतं. माझ्यापाशी पिना होत्या, दांड्याचं एक टोक होतं आणि डोळ्यांपुढे ओटीवर बसलेले खालू होते. मी नांगर ट्रकात चढवला आणि बदल्यात थोरलीला माझ्या हाताने दोर बांधून दिला.

दुबईला परतून नांगर पिंपात पाण्यात उकळत ठेवला. तेल वितळायला लागलं आणि अशी दुर्गंधी सुटली, की खाडीतली मांजरं पोहून पलीकडे गेली आणि अरबाबने नाकाला फडकं बांधून माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. खालू मात्र पिंपाशेजारीच बसून राहिले. शेवटी दांडा कुरकुरला, हलला, फिरला. जबडा काढला. नटावर तेलाचं जाड पुट होतं. ते पुसलं तर खालचे आटे लख्ख, समुद्राला त्यांचा पत्ताच लागला नव्हता.

"बघ," खालू म्हणाले. "तेल लबाड नाय. लावनारा लबाड."

"लावणारा कोण?"

"गप ऱ्हा."

नट त्यांच्या वाईसमध्ये बसवला. पिशवीतला स्क्रू काढून आत फिरवला. शिरला. दांडा फिरला, जबडा आवळला. अरबाब फडकं बाजूला करून बघत होता. त्याने बाजूची सळी उचलून त्या जबड्यात घातली, ओढून पाहिली, दोन्ही हातांनी ओढून पाहिली. मग सळी तिथेच सोडून एका लाँचीकडे बोट दाखवलं. "हाजी, त्या शाफ्टाचं काय करायचं?"

बोट आली आणि गेली. खालू तेव्हा शाफ्टाखाली पाठीवर पडलेले होते.

त्या शाफ्टाच्या आधी मात्र त्यांनी दुसरंच एक काम केलं. जाड सळी खाचेत धरली, वाकवली, आणि एका हाताने एक भक्कम कडी घडवली. माझ्यापुढे टाकली. "तुज्या त्या थोरलीला नुसता दोर बांधलास? पाय गुळगुळीत तिचा, निसटल. ही कडी धाड ड्रायव्हरच्या हाती."

"खालू, तेल लावू का कडीला?"

त्यांनी कानस उगारली.