उकळत्या पाण्यात शहात्तर

माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या घरी भालकीला पुढच्या खोलीत विजेचा मोठा ओव्हन आहे. गल्लीतल्या बायका आपापला मैदा, साखर, तूप घेऊन येतात, तिथंच मळतात आणि बिस्किटं भाजून डबा भरून नेतात. भाजायचा कुठला पत्रा कुणाचा हे कळावं म्हणून कोपऱ्यातल्या बिस्किटात कुणी लवंग खोचतं, कुणी वेलदोडा. अक्काची शेजारीण तुरीचा दाणा खोचते.

गेल्या उन्हाळ्यात शेजारणीची लेक उदगीरला सासरी परत निघाली होती. तिच्यासाठी भाजलेली बिस्किटं खालून काळी झाली. मी फ्रिज-गिझर दुरुस्त करणारा, तेव्हा बोलावणं मलाच आलं. मीटर लावून कॉइल तपासली. ठणठणीत होती. तेवढ्यावरच थांबलो, एक बिस्किट मोडून हुंगलं आणि जमलेल्या बायकांसमोर निकाल दिला, "ओव्हनला काय बी झालं न्हाई. तुपात भेसळ हाय."

शेजारणीकडं म्हैस आहे. महिनाभर लोणी साठवून तिनं ते तूप कढवलं होतं. तिनं डबा उचलला. घरी जाऊन बिस्किटांची काळी बुडं सुरीनं खरवडली आणि तोच डबा लेकीबरोबर दिला. पण गल्लीतलं बोलणं उदगीरला पोचायला बसची वाट बघत नाही. लेकीच्या घरी भेसळीचं तूप पाठवणारी आई, असं तिचं नाव विहिणीकडं झालं.

त्यानंतर ती ओव्हनकडं फिरकली नाही. आणखी दोघी-तिघींची बिस्किटं करपली, पण माझा निकाल ऐकलेला असल्यामुळं त्या डबा झाकून गुपचूप घरी गेल्या. शेवटी अक्काच्याच तुपाची करपली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आपल्या तुपावर कोण संशय घेतो?

"आरं, सगळ्यांचीच करपायलीत की," अक्का फोनवर म्हणाली. "नीट बग जरा."

या वेळी नीट बघितलं. ओव्हनच्या पाठीमागून आत बोटाएवढी एक सळई येते. ती उष्णता मोजणारा सेन्सर. तो सांगेल तेच ओव्हन खरं मानतो. कॉइलची वायर सोडवली, सेन्सर मागून बाहेर घेतला आणि गॅसवर खळखळ उकळणाऱ्या पाण्यात त्याचं टोक बुडवलं. ओव्हनवरचा आकडा शंभराच्या आसपास यायला हवा होता. तो शहात्तरवर थांबला. वायरींचे सांधे आवळून पुन्हा बुडवला, पुन्हा शहात्तर. म्हणजे ओव्हन भलताच तापत होता आणि सेन्सर त्याला अजून कमी आहे, अजून कमी आहे म्हणून सांगत होता. तूप बिचारं काय करणार?

गुलबर्ग्याहून तसाच सेन्सर मागवला. मेन स्विच बंद, मागचा पत्रा उघडला, दोन स्क्रू, दोन वायरी. बसवून टाकण्याआधी त्यालाही उकळत्या पाण्यात घातलं. अठ्ठ्याण्णव. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. पहिल्याच दिवशी ते केलं नाही, कारण मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो. मला लाज वाटली.

शेजारीण म्हशीला पेंड घालत होती. तिला झालेली चूक सांगितली.

"मला ठावं व्हतं की," ती म्हणाली. "माझ्या म्हशीचं तूप मला कळंना व्हय?"

"मग तवाच कामून बोलला न्हाईत, वहिनी?"

"तुमच्या हातात मीटर व्हतं, अण्णा."

मी माफी मागायला लागलो, तर तिनं हातानंच थांबवलं. "मला नगा सांगू. उदगीरला जाऊन सांगा."

दोन दिवसांनी तिच्याच तुपाची बिस्किटं भाजली. छान बदामी निघाली. डबा मांडीवर घेऊन मी उदगीरच्या बसमध्ये बसलो. विहीणबाईंना सेन्सर, उकळतं पाणी, शहात्तरचा आकडा, सगळं समजावून सांगितलं. सांगताना ओव्हनला पुष्कळ दोष दिला. त्यांनी तुरीच्या दाण्याचं बिस्किट उचललं, वास घेतला, सावकाश खाल्लं.

"तूप तर चोख हाय," त्या म्हणाल्या. "मग तवा भेसळ म्हणून कोण म्हणलं व्हतं?"

पाण्याचा तांब्या घेऊन लेक दारात उभी होती. मी निकाल दिला त्या दिवशी ती अक्काच्या खोलीतच होती. ती माझ्याकडं बघत राहिली.

"मी," म्हणालो.